पांढऱ्यावर पांढरं

जिंतूरच्या स्टँडसमोर, उत्तरेश्वर मामाच्या दुकानात
खुर्ची एक, पंखा एक, आणि माझ्याकडे
अठ्ठ्याण्णव लेयरची एक फाइल.
नाव : वाढदिवस_फायनल_खरी_३.
हिच्यातूनच निघतात तालुक्यातले वाढदिवस,
नियुक्त्या, जावळं, दुकानांची उद्घाटनं;
‘हार्दिक शुभेच्छा’ची ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ करायला
फक्त चार डोळे मिटावे लागतात
लेयरच्या पट्टीतले.

लिंबराज येतो, उभ्यानंच सांगतो,
“ताई, मपला फोटो उलीसा वर घ्या.”
घेते. एक क्लिक.
तो सरपंचाच्या खांद्यावर जाऊन बसतो.
“एवढा नको,” घाबरतो,
“त्यांच्या खाली, पण बाबूच्या वर.”
बाबू दुपारी येतो.

कोण कुणाच्या मागं, हे मला
इलेक्शनच्या आधी कळतं.
ज्याच्याशी बिनसलं त्याला कुणी काढा म्हणत नाही,
म्हणतात, “राहू द्या तिथंच, फक्त दिसू नये.”
म्हणून या फाइलीत सतरा माणसं आहेत
डोळा मिटलेली, हार घातलेली, हात जोडून,
परत बोलावणं येईल म्हणून तयार.
दोघांना आलंही.

परवा फाइल अडकली.
लाइट गेलेली, यूपीएस किंचाळत होता,
आणि फाँट बदलल्यानं लिंबराजचा ‘श्री’ फुटून
त्याचे तीन तुकडे झालेले.
एवढं जड कशानं झालंय बघावं म्हणून
एकेक लेयर बंद करत खाली उतरले.
माणसं गेली, हार गेले,
सोनेरी अक्षरं गेली, मग अक्षरांची सावली
(सावली वेगळी असते, तिला वेगळं मिटावं लागतं),
फुगे, सिंह, उगवता सूर्य.
सूर्याखाली एक कुलूप.

मी कामाला लागले तेव्हापासून ते होतं.
“त्याला हात लावू नको,” एवढंच मामा म्हणाले होते,
“पाया आहे तो. हलला की सगळं हलतं.”

उघडलं. पांढरं.
झूम केलं, सोळाशे टक्के. पांढरंच.
मग मागं एक काळा चौकोन टाकला
आणि उजव्या कोपऱ्यात, जिथं फ्लेक्सला खिळा बसतो तिथं,
मुंगीएवढी ओळ निघाली :
इलियास. रात्री पावणेदोन. पगार बाकी.

मामांना विचारलं, इलियास कोण.
कात्री पुसत पुसत ते बरेच मागं गेले.
“होता एक. हैदराबादला गेला म्हणे.
हात चांगला होता.”
पगाराचं मी काढलं नाही.
माझाही कधी दहाला होतो, कधी वीसला.

पांढऱ्याला शाई लागत नाही.
मशीनचं डोकं तिथून नुसतं जातं,
काही न टाकता, आणि परत येतं.
म्हणजे एवढी वर्षं प्रत्येक चौकात,
प्रत्येक साहेबाच्या वर, कोपऱ्यात,
तो छापला गेला, न छापता.
काळा चौकोन काढला. कुलूप परत लावलं.
लिंबराजला बाबूच्या वर ठेवलं,
सावलीसकट.

मग दिवाळीच्या आधी सेलूच्या रस्त्याला
एका वावरात सोयाबीनची गंजी दिसली.
वर लिंबराजचा फ्लेक्स, उपडा.
माणसं सगळी आत, शेंगांकडं तोंड करून;
कोण वर, कोण खाली, अंधारात काय.
आभाळाकडं नुसतं पांढरं.
कोपऱ्यातल्या भोकातून दोरी ओवून
एक बाई तिला दगड बांधत होती.

मी स्कूटी थांबवली.
ती म्हणाली, “काय बघायलाव?”
“काही नाही,” म्हटलं,
“तेवढा कोपरा धरून ठेवा. वारं सुटलंय.”